पंधरा ते पन्नास : विकून टाकलेली गाडी दुर्मीळ कशी होते

1998 च्या मे महिन्यात बाबांनी आमची पद्मिनी विकली. 1984 ची गाडी, पिस्ता रंगाची, 25,000 रुपयांना. पैसे मोजून झाले, फॉर्मवर सह्या झाल्या, तरी बाबा घेणाऱ्याला सोडायला तयार नव्हते. त्यांनी त्याला पुन्हा ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायची मूठ दाखवून सांगितलं, "थंडीत अर्धाच ओढा. पूर्ण ओढलात तर प्लग ओले होतात, मग तासभर नाही सुरू होत." तो माणूस मान डोलावत होता. तो ती गाडी वर्षभर वापरणार होता आणि मग पुढे कुणाला तरी देणार होता, हे बाबांनाही कळत होतं.

तशीच पद्मिनी, 1984 मध्येच घेतलेली, साताऱ्याला आत्याकडे होती. ती आजही आहे. तिच्यामुळे आमच्या घरी गेली काही वर्षं एक विषय पुन्हा पुन्हा निघतो: "विकायला नको होती." महाराष्ट्रातल्या हजारो घरांत हे वाक्य कुठल्या ना कुठल्या गाडीबद्दल बोललं जातं. कुणाची डुक्कर फियाट असते, कुणाची कॉन्टेसा, कुणाची टाटा सिएरा, कुणाची आरएक्स 100. काल जी गाडी कुणी फुकट घेत नव्हतं, तिला आज लोक शोधत फिरतात. हे होतं कसं, आणि आपली हळहळ हिशेबाला टिकते का, ते नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी पद्मिनीची थोडी ओळख. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल फियाट 1100 म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. 1964 मध्ये चौकोनी बांध्याची, मागे छोट्या पंखांसारखे कोपरे असलेली 1100 डिलाइट आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. इटलीत हे मॉडेल साठीच्या दशकातच बंद झालं होतं, आपल्याकडे ते 2000 च्या सुमारापर्यंत चाललं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ गिअर, पुढे सलग बाक आणि खिडकीच्या कोपऱ्यात तिरकी फिरणारी त्रिकोणी काच. ती काच एका विशिष्ट कोनात धरली की वारा बरोबर तोंडावर यायचा. एसी नसलेल्या गाडीत कोकणात उतरताना त्या काचेची किंमत कळायची.

त्या काळची एक गोष्ट आजच्या वाचकाला सांगायलाच हवी. परवाना राजमध्ये गाडी बुक केली की ती मिळायला वर्षं लागत. त्यामुळे एक-दोन वर्षं वापरलेली फियाट कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त दराने विकली जायची. गाडी ही तेव्हा खरोखरच मालमत्ता होती, दागिन्यासारखी. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, 1991 नंतर बाजार खुला झाला, शोरूममध्ये गाड्या लगेच मिळू लागल्या आणि जुन्या फियाटची किंमत घसरत गेली. आमच्या वडिलांच्या पिढीने एकाच आयुष्यात गाडीला सोन्याचा भावही पाहिला आणि भंगाराचाही.

आता मुख्य मुद्दा. गाडीची किंमत काळाबरोबर कशी बदलते, ते कागदावर काढलं तर एका खोलगट वाटीची आकृती दिसते. डावीकडचा काठ म्हणजे नवी गाडी. पहिल्या चार-पाच वर्षांत किंमत झपाट्याने उतरते, मग हळूहळू. दहा ते वीस वर्षांच्या मध्ये कुठेतरी ती तळाला लागते. त्यानंतर बहुतेक गाड्यांची गोष्ट तिथेच संपते, त्या भंगारात जातात. पण ज्या थोड्या उरतात, त्यांच्यातल्या काहींची किंमत वाटीच्या उजव्या काठाने वर चढायला लागते. ज्यांच्याकडे ती गाडी होती त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी ती तळाला असतानाच विकलेली असते.

तळालाच का? कारण तळ म्हणजे तो क्षण, जेव्हा एका दुरुस्तीचा खर्च अख्ख्या गाडीच्या किमतीएवढा होतो. गाडी 25,000 ची आणि इंजिन बोअर करून रिंग-पिस्टन टाकायला, फ्लोअरचा सडलेला पत्रा बदलायला, रंग द्यायला मिस्त्री सांगतो 30,000. त्यातच पंधरा वर्षं पूर्ण होतात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. बाबांनी गाडी चौदाव्या वर्षी विकली, ती याच हिशेबाने. त्या दिवशी त्यांच्या जागी कुणीही शहाणा माणूस असता तरी त्याने हेच केलं असतं.

तसंच त्या शहाण्या माणसाच्या शेजाऱ्यानेही केलं, त्याच्या साहेबांनीही केलं. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या जागी बरोबर होता आणि सगळ्यांचे बरोबर निर्णय एकत्र आल्यामुळेच गाडी दुर्मीळ झाली. समजा 100 गाड्या आहेत आणि दरवर्षी उरलेल्यांपैकी दर दहातली एक भंगारात जाते. दहा वर्षांनी 35 उरतात, वीस वर्षांनी 12, तीस वर्षांनी 4. त्या चारांपैकी एक आपली असती तर, असं आज वाटतं. पण सगळ्या शंभर जणांनी गाडी जपली असती तर शंभरच्या शंभर आज रस्त्यावर असत्या आणि एकीलाही भाव नसता. आपण विकली, म्हणून उरलेली महाग झाली. त्या वाढलेल्या किमतीत आपल्या विकण्याचाही वाटा आहे. ही गोष्ट मला कळली तेव्हा मनावरचं बरंच ओझं उतरलं.

मुंबईच्या टॅक्सीत हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. एके काळी काळी-पिवळी म्हणजे पद्मिनीच. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या आठवड्यात लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. ज्या गाडीत बसताना दार दोनदा आपटावं लागायचं म्हणून आपण कुरकुरायचो, तिच्या बॉनेटवर हात ठेवून माणसं उभी होती.

दुर्मीळ असणं आणि किंमत असणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथे फार लोकांची फसगत होते. बंगळूरच्या सिपानी कंपनीने ऐंशीच्या दशकात डॉल्फिन नावाची फायबरच्या बॉडीची छोटी गाडी काढली होती. आज ती पद्मिनीपेक्षा किती तरी दुर्मीळ आहे. पण "आमची डॉल्फिन विकायला नको होती" असं म्हणणारी घरं तुम्हाला किती भेटली? गाडीला भाव येतो तो तिच्या मागे माणसं असली तर. 1985 मध्ये जे मूल दहा वर्षांचं होतं आणि पद्मिनीच्या मागच्या सीटवर झोपून आजोळी जायचं, ते आता पन्नाशीचं आहे. घराचं कर्ज फिटलंय, मुलं मार्गी लागलीत, हातात थोडा पैसा आहे. त्या माणसाला त्या सीटच्या रेक्झिनचा वास परत हवा आहे. अशी माणसं लाखांनी असली आणि गाड्या मोजक्या, की भाव चढतो. म्हणून गाडी बंद झाल्यावर साधारण वीस-पंचवीस वर्षांनी तिची मागणी जोरात येते. तेवढा वेळ मागच्या सीटवरच्या मुलाला कमावतं व्हायला लागतो.

दुर्मीळपणाचेही दोन प्रकार आहेत. एक, मुळातच थोड्या बनलेल्या. फेरारी 250 जीटीओ 1962 ते 1964 या काळात जेमतेम 36 बनल्या. 2018 मध्ये त्यातली एक लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली, आणि हीच गाडी साठीच्या दशकाच्या शेवटी जुनी झालेली रेसची गाडी म्हणून काही हजार डॉलरला मिळत होती. दुसरा प्रकार आपला: भरपूर बनल्या, पण थोड्याच वाचल्या. मारुती 800 तीस वर्षांत 25 लाखांहून जास्त विकल्या गेल्या. पण 1983 ते 1986 मधलं पहिलं रूप, ज्याला शौकीन लोक एसएस 80 म्हणतात, ते मूळ अवस्थेत सापडणं आज कठीण आहे. 1986 मध्ये नवं रूप आल्यावर जुनं कुणी जपलंच नाही.

याच्या मधली एक गाडी आम्हा पुणेकरांच्या जिव्हाळ्याची आहे, 1991 ची टाटा सिएरा. पिंपरीच्या परिसरातून आलेली, दोनच दारांची, मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेली मोठी बंद काच असलेली. तिची किंमत त्या काळी पाच लाखांच्या घरात होती, मागे बसायला पुढची सीट वाकवावी लागायची, म्हणून ती फार खपली नाही. म्हणजे नवी असतानाच लोकांनी नाकारलेली गाडी. आज ज्याच्याकडे सिएरा आहे त्याला इंजिनाची चिंता नसते, ते दुरुस्त होतं. त्याची झोप उडते ती मागच्या वळणदार काचेमुळे. ती फुटली तर बाजारात दुसरी सहज मिळत नाही. 2025 मध्ये टाटांनी सिएरा हे नाव नव्या गाडीला दिलं. आता जुनीला आणखी शोधणारे निघतील असा माझा अंदाज आहे.

आता पैशाचा हिशेब मांडू, कारण "ठेवली असती तर आज लाखो मिळाले असते" हे वाक्य सगळ्यात जास्त टोचतं. बाबांना 1998 मध्ये 25,000 मिळाले. ते वर्षाला 8 टक्क्यांनी कुठे गुंतवले असते असं धरू. 72 ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते ढोबळमानाने कळतं. 72 भागिले 8, म्हणजे नऊ वर्षं. 2007 मध्ये 50,000, 2016 मध्ये 1 लाख, 2025 मध्ये 2 लाख. आता दुसरी बाजू. गाडी ठेवली असती तर विमा, बॅटरी, टायर, पासिंग, अधूनमधून पत्रा आणि रंग. सरासरी वर्षाला 10,000 धरले तरी सत्तावीस वर्षांचे 2 लाख 70 हजार. म्हणजे आज ती गाडी 4 लाख 70 हजारांना गेली असती तर कुठे बरोबरी झाली असती, तीही दरवर्षी खर्च झालेल्या पैशांवरचं व्याज न धरता. आणि जागेचं भाडं तर मी मोजलंच नाही. पुण्यात एका गाडीची झाकलेली जागा सत्तावीस वर्षं अडवून ठेवायची, तर त्याची किंमत किती होते ते प्रत्येक पुणेकराला माहीत आहे.

म्हणजे पैशासाठी हळहळायचं कारण बहुतेकांना नाही. मग हळहळ एवढी खरी का वाटते? याला दोन कारणं आहेत. पहिलं, शेवट कळल्यावर सुरुवात सोपी वाटते. 1998 मध्ये आमच्या सोसायटीच्या आवारात पद्मिनी, मारुती, अ‍ॅम्बेसेडर, बजाज चेतक, लुना सगळं उभं होतं. यातलं काय जपायचं हे तेव्हा कुणी सांगू शकलं नसतं. आज आपल्याला भाव आलेली तेवढीच आठवते, बाकीची यादी मन पुसून टाकतं. दुसरं, आपल्या हातातली वस्तू आपल्याला नेहमीच जास्त मोलाची वाटते. काहनमन, नेच आणि थेलर या अभ्यासकांनी 1990 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना चहा-कॉफीचे मग दिले आणि विकायला किती घ्याल ते विचारलं, बाकीच्यांना तोच मग घ्यायला किती द्याल ते विचारलं. विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होती. आणि तो मग त्यांच्या हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. ज्या गाडीतून बहीण जन्मल्यावर घरी आली, तिची किंमत मनात किती होणार?

हळहळीचा खरा गाभा हाच आहे. बाबांना आजच्या बाजारातली पद्मिनी नको आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एकाची सुरेख केलेली, चकचकीत गाडी दाखवायला नेलं. त्यांनी दार उघडलं, आत हात फिरवला, आणि म्हणाले, "छान आहे. पण हिचा गिअर खाली आलाय रे." कुणीतरी स्टिअरिंगजवळचा गिअर काढून जमिनीवर बसवला होता. ते पुन्हा तिच्याकडे वळले नाहीत.

गिअरची ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण जाणकार गाडी पाहतात ती अशीच. इंजिन मूळचंच आहे का, चासी नंबर आणि आरसी जुळतात का, 1989 पूर्वीचा तीन अक्षरी नंबर टिकलाय का, मीटर, दिवे, हँडल मूळचे आहेत का. पद्मिनी वाचल्या त्यांतल्याही कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिन बसलं, सीएनजीच्या टाक्या बसल्या, बाक जाऊन वेगळ्या सीटा आल्या. म्हणून न बदललेली पद्मिनी वेगळीच दुर्मीळ आहे. आज कुणाकडे जुनी गाडी असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, काढलेला कोणताही मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका. गंजलेला असला तरी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात तो परत मिळेल या भरवशावर राहू नका, ते दिवस संपत आले आहेत.

नुसतं न विकणं म्हणजे जपणं नव्हे, हेही सांगायला हवं. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. त्यांनी ती गाडी आयुष्यभर विकली नाही. 2010 मध्ये ते गेल्यावर ती घराबाहेर ऊन-पावसात उभी राहिली आणि सडत गेली. देशातली सगळ्यात प्रसिद्ध मारुती, आणि तिचे पत्रे गळायला आले होते. पुढे कंपनीने ती नीट करून आपल्या मुख्यालयात ठेवली, म्हणून वाचली.

आणि आता सरकारी नियम, जो या सगळ्याच्या मुळाशी आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नकोत. पहिल्यांदा नोंदणीची फी 20,000 रुपये, नूतनीकरणाची 5,000, मुदत दहा वर्षांची. ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. चांगला नियम आहे. या हिशेबाने 1974 ची पहिली पद्मिनी 2024 मध्ये पन्नाशीची झाली.

पण पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत गाडीला कुणी वाली नाही. त्या काळात ती कायद्याच्या लेखी फक्त जुनी, धूर सोडणारी गाडी असते. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारला 10,000. दिल्ली परिसरात तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली आणि कितीतरी चांगल्या गाड्या एक तर भंगारात गेल्या, नाहीतर दुसऱ्या राज्यांत. प्रदूषणाचा प्रश्न खरा आहे, रोज साठ किलोमीटर धावणारी जुनी गाडी हटायलाच हवी. पण वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या, जपलेल्या गाडीला वेगळा, स्वस्त परवाना द्यायला काय हरकत आहे? पन्नाशी गाठायची तर आधी पंचविशी ओलांडावी लागते. व्हिंटेजचा सन्मान ठेवायचा आणि तिथे पोचायचा रस्ता अडवायचा, हे मला पटत नाही.

साताऱ्याची गाडी मात्र तो रस्ता चालते आहे. ती वाचली याचं श्रेय आत्या कुणालाच देत नाही. वाड्याच्या मागे रिकामा झालेला गोठा होता, दगडी भिंतींचा, कौलं घातलेला. गाडी तिथे कुणाच्या वाटेत आली नाही, एवढंच. आमच्याकडे सोसायटीचा उघडा कोपरा होता. दोन सारख्या गाड्यांच्या नशिबात फरक पडला तो बारा फुटांच्या छपराने.

आतेभाऊ दर रविवारी तिला सुरू करतो आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवून आणतो, नाहीतर ब्रेक धरतात. प्लॅस्टिकचं कव्हर त्याने काढून टाकलंय, कारण पावसाळ्यात त्याच्या आत दमटपणा कोंडतो. त्याऐवजी जुनं सुती धोतर टाकतो. उंदरांनी एकदा वायरिंग कुरतडलं, तेव्हापासून बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या असतात. 2024 चं पासिंग झालं. पुढचं 2029 ला, आणि 2034 ला ती पन्नास पूर्ण करेल. मागच्या दिवाळीत बाबा तिथे गेले होते. त्यांनी चोक अर्धा ओढला, गाडी दुसऱ्या स्टार्टरला सुरू झाली, आणि मग खाली वाकून त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबून पाहिला. तो मऊ लागला. पावसाळ्याआधी तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करून घ्यायचा ठरलं आहे, पैसे बाबा देणार आहेत.